फलाफलचे चणे शिजवू नका

फलाफल म्हणजे वाटलेल्या चण्यांचे तळलेले गोळे. त्यासाठी काबुली चणे भिजवायचे आणि कच्चेच वाटायचे. मसाला थोडा इकडेतिकडे झाला तरी मला चालतं, पण यात मी तडजोड करत नाही. डब्यातल्या उकडलेल्या चण्यांची झटपट कृती कुणी पाठवली की मी लगेच फोन करून सांगते, यात वेळ घालवू नकोस.

कच्च्या चण्यातला स्टार्च फुललेला नसतो. गोळा गरम तेलात पडला की तो आतल्या ओलाव्यावर तिथेच फुलतो, चिकट होतो आणि सगळे कण धरून ठेवतो. शिजलेल्या चण्यातला स्टार्च आधीच फुलून गेलेला असतो, शिवाय त्यात पाणीही जास्त. असा गोळा तेलात फुटतो. मग लोक मैदा घालतात, ब्रेडचा चुरा घालतात, आणि आतून गच्च, पिठूळ असं काहीतरी पदरात पडतं.

मी 250 ग्रॅम कोरडे चणे घेते. निदान 12 तास, शक्यतो 18 तास भिजवते. ते दुपटीहून जास्त फुगतात, म्हणून भांडं मोठं आणि पाणी भरपूर. उन्हाळ्यात भांडं फ्रिजमध्ये ठेवते, नाहीतर पाणी आंबतं. मग चणे चाळणीत निथळायचे आणि स्वच्छ कापडावर पसरून वरचा ओलावा पूर्ण जाईपर्यंत ठेवायचे. कृतीत हे एका ओळीत उरकलेलं असतं. मी सगळ्यात जास्त लक्ष इथेच देते, कारण चण्याला चिकटून आलेलं पाणी नंतर मिश्रण सैल करतं.

वाटताना एक मध्यम कांदा, चार-पाच लसूण पाकळ्या, भाजलेले जिरे आणि धणे, मीठ, थोडी लाल मिरची. पार्सली आणि कोथिंबीर मात्र मूठ-मूठ भरून घाला. फलाफल मोडल्यावर आत हिरवं दिसायला हवं. मिक्सर सलग फिरवू नका. थांबत थांबत, कडेचं खाली सारत वाटा. मिश्रण ओल्या वाळूसारखं हवं: मुठीत दाबलं की टिकेल, तरी कण दिसतील. तासभर फ्रिजमध्ये ठेवलं की ते आळतं. अर्धा लहान चमचा खायचा सोडा अगदी तळायच्या आधी.

तेल 175 ते 180 अंश. थर्मामीटर नसेल तर आधी एकच गोळा सोडून बघा. तो टिकला तर बाकीचे, नाही टिकला तर मिश्रणात चमचाभर चण्याचं पीठ घालायला हरकत नाही. गोळे लहान करा, घट्ट दाबू नका. तीन-चार मिनिटांत ते गडद तपकिरी होतात.

इजिप्तमध्ये याच पदार्थाला तामिया म्हणतात. तिथे चणे नसतात. सोललेल्या वाळक्या फावा बीन्स (एक मोठं, चपटं कडधान्य) भिजवून वाटतात, त्यात लीक, कोथिंबीर, शेपू घालतात आणि चपट्या वड्यांना बाहेरून तीळ लावतात. चण्यांचं फलाफल लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईनकडचं. मला स्वतःला तामिया जास्त आवडतो, तो आतून हलका असतो. पण जीसिक्सपीडी एन्झाइमची कमतरता असलेल्यांनी फावा बीन्स अजिबात खाऊ नयेत, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. म्हणून पाहुण्यांना मी आधी विचारते.

सोबत ताहिनीचा, म्हणजे वाटलेल्या तिळाच्या पेस्टचा, सॉस हवाच. ताहिनीत लिंबू पिळलं की ती एकदम आवळते, गोळा होते. घाबरून टाकून देऊ नका. गार पाणी चमचा-चमचा घालत ढवळत राहा, ती पांढरी आणि मऊ होते. त्यात किसलेला लसूण आणि मीठ.

उरलेलं मिश्रण सोडा न घालता फ्रीझरमध्ये चांगलं टिकतं. तळलेलं फलाफल मात्र ठेवू नका, आणि झाकून तर मुळीच नको. वाफेने वरचं कवच मऊ पडतं. माझ्याकडे पहिला घाणा निघाला की सगळ्यांनी खायला बसायचं, तळणाऱ्यासाठी थांबायचं नाही.