काटोलच्या बागेतला जेसीबी

मी नागपूरला संत्र्याच्या रोगांवर काम करते, मुख्य काम रोग वेळेत ओळखणं. मागच्या डिसेंबरात काटोलकडच्या एका काकांचा फोन आला, बाग पिवळी पडली, कुणीतरी मोबाईलवर फोटो पाहून ग्रीनिंग आहे, म्हणजे बरा न होणारा जिवाणूजन्य रोग आहे, असं सांगितलं, सगळी झाडं काढा म्हणे. "मॅडम, जेसीबी सांगून ठेवला हाये, तुम्ही फक्त हो म्हना." ऐन उत्पन्नात आलेली बाग! फोटोवरून अख्खी बाग काढायला सांगणं मला अजिबात पटत नाही. म्हटलं काका थांबा, मी येते.

जाऊन पाहते तर पिवळेपणा एक नव्हताच. बहुतेक झाडांची पानं सरसकट पिवळी, शेंडे वाळलेले, खोडावर डिंक, बुंध्याशी उकरलं तर कलमाचा जोड मातीत गाडलेला आणि पाटाचं पाणी थेट खोडाला लागत होतं. बारीक मुळं चिमटीत धरून ओढली तर साल सुटून हातात आली, आत नुसता दोरा. हा डिंक्या, फायटोप्थोरा या बुरशीसारख्या जिवामुळे होणारा रोग, वेळेत धरला तर आटोक्यात येतो. पण खालच्या बांधाकडची काही झाडं वेगळी होती. पानाच्या मधल्या शिरेच्या एका बाजूला पिवळे चट्टे, दुसरी बाजू वेगळीच, जस्त कमी असतं तर दोन्ही बाजू सारख्या दिसल्या असत्या. फळंही लहान, वाकडी, बुडाशी हिरवी. ही ग्रीनिंगची लक्षणं, तिथे पोटात गोळा आला.

ग्रीनिंगचा जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि झाडभर सारखा पसरलेला नसतो, म्हणून दोन्हीकडच्या झाडांची चारही बाजूंची पानं घेतली, लॅबमध्ये देठ आणि मधली शीर तेवढी कापून डीएनए काढला आणि पीसीआर, म्हणजे त्यात जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, लावला. जेल यूव्हीखाली धरलं तर बांधाकडच्या नमुन्यांत ग्रीनिंगच्या जिवाणूची ११६० बेसपेअर लांबीची डीएनए-पट्टी स्वच्छ, बाकीचे कोरे.

लगेच काकांना फोन लावला. जेसीबी फक्त बांधाकडे चालवा, पण आधी सायला या रोग पसरवणाऱ्या किडीसाठी फवारणी करा, नाहीतर झाड पाडताना ते किडे उडून शेजारच्या झाडांवर बसतात आणि रोग तिकडे नेतात. बाकी झाडांची माती ओढून जोड उघडा करा, खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा, डबल रिंग, म्हणजे खोडाभोवती दोन गोल आळी, करून पाणी खोडापासून लांब ठेवा. कोरा नमुना म्हणजे कायमची सुटका नाही, पुढच्या हिवाळ्यात परत तपासू.

"म्हंजे यंदा आंबिया बहार घ्याचा ना मॅडम?"

म्हटलं घ्या, पण डिंक्याच्या झाडांवर फळं कमी ठेवा, आधी मुळं सावरू द्या.