पाणी, हेल्मेट आणि मामा

नागपुरात कोणाचे केस गळायला लागले की पहिले शिव्या पाण्याला बसतात. आमच्याकडे बोअर आहे, बादलीला पांढरा थर जमतो, मग डोक्याचं काय होत असेल विचार करा राजेहो, असं. ज्यांच्या नळाला पेंच नदीचं पाणी येतं त्यांना हे बोलता येत नाही, ते मग हेल्मेटवर ढकलतात. आता मे महिन्यात 45 डिग्रीत व्हरायटी चौकाच्या सिग्नलला हेल्मेट घालून उभं राहिलं की डोकं आतून शिजतं हे खरंय, पण केस त्याने राठ होतील, घामाने खाज सुटेल, टक्कल नाही पडत. पाण्यानेच पडत असतं तर कानावरचे आणि मानेवरचे केस कसे काय शाबूत राहतात, तिथे काय मिनरल वॉटर जातं का?

खरी भानगड आतली आहे. टेस्टोस्टेरॉनचं शरीरातच डीएचटी नावाचं हार्मोन बनतं आणि कपाळाच्या कोपऱ्यातल्या, टाळूवरच्या केसांच्या मुळांना ते सोसत नाही. हेच डीएचटी दाढीला मात्र मस्त मानवतं, म्हणून दाढी भरघोस आणि वर चांद अशी माणसं गल्लोगल्ली दिसतात. बरं केस एका दिवसात जात नाही, गळतो, परत येतो, पण दरवेळी थोडा बारीक, थोडा आखूड. सलूनवाला कटिंग झाल्यावर मागून दुसरा आरसा धरतो ना, तेव्हा ट्यूबलाइटच्या उजेडात नीट बघा, जिथे टक्कल म्हणतो तिथे लव असते, बाळाच्या कानावर असते तशी. तो आरसा तो कधीच दोन सेकंदांच्या वर धरत नाही, भला माणूस.

1942 साली जेम्स हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन संशोधकाने दाखवलं की वयात यायच्या आधीच वृषण काढलेल्या पुरुषांना असं टक्कल पडत नाही, आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना पडायला लागतं. यावरून आमचे काही टकले मित्र मर्दानगीच्या गोष्टी करतात, पण तसं काही नाही बे, हार्मोन बाकीच्यांइतकंच असतं, मुळंच जास्त नाजूक.

टेन्शनचं म्हणाल तर तो प्रकार वेगळा. पावसाळ्यात डेंग्यू झाला की दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे दिवाळीच्या आसपास, बाथरूमच्या जाळीत पुंजके दिसतात, मोठ्या टेन्शननंतरही होतं. ते सगळ्या डोक्यावरून गळतात आणि बहुतेक वेळा परत येतात. माणूस मात्र दोन्हीत सारखाच घाबरतो आणि कांद्याचा रस लावून घरभर वास करतो.

राहिलं घराणं. यातला एक महत्त्वाचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो आणि मुलाला तो आईकडूनच मिळतो, बाकीचे कितीतरी दोन्हीकडून येतात. माझ्या बाबांचे केस आजही दाट, मामा सगळे गुळगुळीत. आईला हे पटवायला गेलो तर ती भडकलीच, आमच्या घरी असं काही नव्हतं, तुझ्या मामाचे तर नोकरी लागल्यावर गेले म्हणे. मामाला फोन केला तर तो खूश. म्हणे चला, प्लॉट नाही देऊ शकलो तुला, काहीतरी तर दिलं ना बे.