चर्चच्या भिंतीला सिमेंट नको, चुना हवा

परवा मैत्रिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता म्हणून सोलापूरहून तासाभरावरच्या एका गावी गेले होते आणि तिथलं जुनं चर्च डोक्यातून जातच नाहीये. बाहेर 42 डिग्री, लाइट गेलेली, पंखे बंद, तरी आत पाऊल टाकलं की गार! हातभर जाड काळ्या दगडाच्या भिंती, वर उंच मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर, ते पेलणाऱ्या सागवानी कैच्या, आणि गरम हवा वर चढून झरोक्यांतून निघून जाते.

खिडक्यांच्या टोकदार कमानी बघून सगळे इंग्रजी पद्धत म्हणतात. पण विजापूर इथून शंभरेक किलोमीटरवर, आपल्या भागातल्या गवंड्यांना टोकदार कमान काय नवीन होती का? आदिलशाहीपासून बघत आलेत की. आतला साधेपणा मात्र मिशनचा. अमेरिकन मराठी मिशनवाले 1813 ला मुंबईत आले, 1831 ला नगरला, मग पुढे सोलापूरकडे, त्यांच्या चर्चमध्ये मूर्ती-नक्षी नसायची, समोर उपदेशाचं व्यासपीठ आणि बास. इथे लोक सतरंजीवर बसून पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांची भजनं म्हणतात, दगडात आवाज असा घुमतो की अंगावर काटा येतो.

मी भिंतीला टेकून बसले होते, उठले तर ओढणीला पाठभर पांढरी भुकटी. लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेला क्षार! काही वर्षांपूर्वी कुणा ठेकेदाराने ओल दिसते म्हणून कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा मारलाय. लोकांनी वर्गणी काढून, मनापासून केलेलं काम ते, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. चुन्यातून ओल बाहेर सुकून जाते, सिमेंट तिला आत कोंडतं, मग ती भिंतीतून वर वर चढते आणि सुकताना क्षार बाहेर टाकते. सिमेंटचा पोपडा नखाने उचलला तर मागचा चुना ओल्या रांगोळीसारखा हातात आला, आणि वरच्या भागात जिथे सिमेंट पोचलं नाही तिथे दगडांच्या सांध्यांतला चुना अजून टणक.

तिथल्या एका मावशींना तो पोपडा दाखवला. त्यांनी तो बोटांत चुरडून बघितला, म्हणाल्या, "म्हणजे आपणच कोंडलंय की गं हिला." आता पावसाच्या आधी कौलांची शाकारणी आणि एका कोपऱ्यातलं सिमेंट काढून बघायचं असं ठरतंय. सोलापूर भागात चुन्याचं काम येणारा गवंडी कुणाला माहीत असेल तर प्लीज कळवा, मी स्वतः त्यांना घेऊन जाईन.