ढवळायला शिकलो त्याची गोष्ट

ड्राय मार्टिनीत जिन असते, ड्राय व्हर्मूथ असते आणि वर लिंबाची साल किंवा ऑलिव्ह. एवढंच. शिजवायचं काही नाही, चिरायचं जवळजवळ काही नाही. त्यामुळे घरी करून बघायचं ठरवलं तेव्हा दहा मिनिटांत आटपेल अशी माझी खात्री होती. मनासारखा पेला हाती यायला तीन आठवडे गेले.

पहिल्या खेपेला हात दाखवून अवलक्षण केलं. झाकणाची काचेची बरणी घेतली, त्यात सगळं ओतलं, बर्फ टाकला आणि दणादण हलवलं. पेल्यात उतरलं ते गढूळ, आणि वर बर्फाचा चुरा तरंगतोय. घोट घेऊन मित्र म्हणाला, ‘‘अरे, जिन राहू दे, पण हा आंबूस वास कसला?’’ वास व्हर्मूथचा होता. बाटली उघडून वर्ष होत आलं होतं आणि ती मुक्काम ठोकून होती कपाटात. व्हर्मूथ म्हणजे वनस्पतींनी गंधवलेली आणि वरून थोडं स्पिरिट घालून कडक केलेली वाईनच. हवा लागली की तीही उतरते. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवायची आणि महिना-दोन महिन्यांत संपवायची. ‘मला मार्टिनीत व्हर्मूथ आवडत नाही’ असं सांगणाऱ्यांपैकी बरेच जण असल्याच बाटलीने पोळले असावेत, असा माझा संशय आहे.

नवी बाटली आणली आणि हलवणं सोडून ढवळण्याकडे वळलो. हलवल्याने हवेचे बारीक बुडबुडे शिरतात, बर्फाचे टवके उडतात. फळांचा रस असेल तर ते चालतं, पण जिथे सगळं नितळ दारूच आहे तिथे तो नितळपणाच जातो. प्रमाण ठरवलं ५ला १ : जिन ६० मिली, व्हर्मूथ १२ मिली. (एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पेयाचे पूर्वज गोड व्हर्मूथ घालून होत. पुढे ते कोरडं, म्हणजे कमी गोड आणि कमी व्हर्मूथचं, होत होत इतकं कोरडं झालं की काही जण व्हर्मूथची बाटली नुसती दाखवतात. मला हा आचरटपणा वाटतो. जिनच प्यायची तर तसं सांगावं.)

पेय पाणचट होऊ नये म्हणून मी बर्फाचे चारच खडे घातले. तेही ट्रे काढून ओट्यावर बराच वेळ ठेवलेले, घाम सुटलेले. पेला कपाटातून काढलेला, कोमट. दोन मिनिटं ढवळलं. निघालं ते धड थंड नाही आणि वर पाणचट. इथे माझं गणित उलटं होतं. थोड्या बर्फाला सगळं काम एकट्याने करावं लागतं आणि तो विरघळूनच जातो. ओल्या खड्यांवरचं पाणी तर थंडावा न देता फुकटच पेयात येतं. भांडं तोंडापर्यंत बर्फाने भरायचं आणि बर्फ थेट फ्रीझरमधून, कोरडा हवा. पेलासुद्धा आधी तिथेच ठेवायचा.

हे कळल्यावरही मी एक पळवाट शोधलीच. मुळात जिनच फ्रीझरमध्ये ठेवली तर? उणे १८ अंशांत ४० टक्क्यांची जिन गोठत नाही, दाटसर होते. ती ओतली, फ्रिजमधली व्हर्मूथ घातली, बर्फ नाही, ढवळणं नाही. थंडगार! आणि पहिल्या घोटाला नाकातून जाळ. जिनमधल्या जुनिपर फळांचा, लिंबाच्या सालीचा गंध कुठेतरी मागे दडलेला, पुढे फक्त अल्कोहोल. असं न ढवळता देणारे नावाजलेले बार आहेत, त्यांना मानणारे लोकही आहेत. मला ते झेपलं नाही.

मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. मोजलेली जिन आणि व्हर्मूथ मिळून भरली ६९ ग्रॅम. भरपूर बर्फावर ४० सेकंद ढवळून गाळली तर ८७. म्हणजे १८ ग्रॅम पाणी आलं होतं, मूळ मिश्रणाच्या पावपट. चव घेतली आणि जागीच थांबलो. धार होती पण जाळ नव्हता, आणि जिनचा सगळा गंध वर आला होता. खात्री करायला पुन्हा फ्रीझरमधली जिन घेतली, व्हर्मूथ घातली आणि फ्रिजमधलं १८ ग्रॅम पाणी मोजून मिसळलं. जवळजवळ तीच चव! इतके दिवस मी ज्या पाण्याला घाबरत होतो, ते या पेयातलं तिसरं जिन्नस निघालं. ढवळायचं ते दोन दारू एकत्र करायला नाही, त्या तर ओततानाच मिसळतात. ढवळायचं ते बर्फ वितळवायला. एक ग्रॅम बर्फ वितळताना साधारण ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो, थंडावा येतो तो मुख्यतः तिथूनच, आणि अल्कोहोलमुळे पेय शून्याच्याही खाली जातं. माझ्या थर्मामीटरवर उणे ३ दिसलं. थंडावा हवा तर पाणी घ्यावंच लागतं.

आता प्रश्न हाताचा. माझ्या चमच्याचा खडखडाट शेजारच्या खोलीत ऐकू जायचा. आठवडाभर नुसत्या पाण्यावर सराव केला. लांब दांड्याचा चमचा बोटांत सैल धरायचा, त्याची पाठ भांड्याच्या भिंतीला टेकलेली ठेवायची आणि कडेकडेने फिरवायची. मनगट जवळपास स्थिर. जमलं की सगळा बर्फ एकच गठ्ठा होऊन फिरतो, आवाज येतो तो नुसता सळसळीचा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी उगाचच पाच मिनिटं ढवळत बसलो.

सालीबद्दल एकच सांगतो. आतला पांढरा भाग कडू असतो, तेव्हा पातळ सोला. रंगीत बाजू पेयाकडे करून पिळली की तेलाचा बारीक तवंग पृष्ठभागावर पसरतो. ऑलिव्ह घातलं तर चव खारटाकडे झुकते. त्याऐवजी व्हिनेगरमधला छोटा कांदा टाकला की नावच बदलतं, त्याला गिब्सन म्हणतात.

एवढं झाल्यावर शहाणपण सुचलं : पाणी मोजूनच घालायचं तर बाटलीभर एकदम का करू नये? ५०० मिली जिन, १०० व्हर्मूथ, १५० पाणी, आणि बाटली फ्रीझरमध्ये. दुसऱ्या दिवशी उलटी केली तर बाहेर काही येईना. आत बर्फाळ लगदा. पाणी घातल्यावर मिश्रण ३० टक्क्यांवर आलं होतं आणि तेवढं अल्कोहोल उणे १५च्या आसपास गोठू लागतं. ती बाटली आता फ्रिजमध्ये आहे, पाहुणे आले की निघते. मोजमापाने पाहिलं तर एका पेल्यात बेताचे दोन पेग बसतात, त्यामुळे ती लवकर संपत नाही. माझ्यापुरतं मी भांडं, बर्फ आणि चमचा घेतो. चाळीसपर्यंत मोजतो.