पाय गप्प झाला, आग तशीच राहिली

परळच्या आमच्या वॉर्डात हा रुग्ण आला तेव्हा भावाच्या हातात एका खासगी केंद्राचं अंदाजपत्रक होतं: कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढायचा आणि त्यातल्या पेशी मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडायच्या. "डॉक्टर, घर गहाण टाकू का?"

लोकलमधून पडून छातीच्या मणक्याला मार बसलेला. पाय ताठ होऊन व्हीलचेअरच्या पट्ट्यातून निसटत, शिवाय दोन्ही पायांत सतत आग. ताठपणा उतरवणाऱ्या बॅक्लोफेनच्या गोळ्या वाढवल्या की दिवसभर झापड. लघवीचं इन्फेक्शन, बेडसोर, बद्धकोष्ठ, बोटात रुतलेलं नख हे आधी तपासलं. रुग्णाला जाणवत नसलं तरी पाय ताठ होण्याचे झटके यांनीच भडकतात.

मग सकाळी चाचणी म्हणून लंबर पंक्चर करून, म्हणजे कमरेतून त्या पाण्यात सुई घालून, ५० मायक्रोग्रॅम बॅक्लोफेन दिलं. १० मिलिग्रॅमच्या गोळीचा हा दोनशेवा भाग, पण थेट मज्जारज्जूपाशी. औषध वर चढलं तर श्वास मंदावतो, म्हणून बोटाला ऑक्सिमीटर आणि उशाशी हाताने दाबून श्वास देण्याची अंबू बॅग. चार तासांनी फिजिओने एका हाताने गुडघा वाकवला: अ‍ॅशवर्थ मोजणीत ताठपणा ३ वरून १ वर. घोटा मात्र तसूभरही हलला नाही. तिथे स्नायूच आखडलाय, त्याला प्लास्टर किंवा शस्त्रक्रियाच हवी. तो म्हणाला, "पाय गप्प झाला, आग तशीच आहे." झटक्यांचं दुखणं आणि नसांची आग वेगळी, हे एका सुईने दाखवून दिलं.

भावाला नीट बसवून सांगितलं. गाबा हे मज्जारज्जूतल्या नसांना आवर घालणारं रसायन. बॅक्लोफेन त्याचंच काम करतं. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅलन बासबॉम यांच्या गटाने उंदराच्या भ्रूणाच्या मेंदूतल्या, गाबा बनवणाऱ्या कोवळ्या पेशी प्रौढ उंदरांच्या मज्जारज्जूतच रोवल्या. नस दुखावल्यावर नुसत्या स्पर्शानेही होणारी वेदना त्या पेशींनी उतरली. उद्या या आगीवर उपाय निघाला तर तो याच वाटेने यावा, अशी माझी मनापासून आशा आहे. पण बोन मॅरोच्या पेशी म्हणजे त्या पेशी नव्हेत, आणि पाण्यात सोडणं म्हणजे रोवणं नव्हे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा वापर मंजूर चाचणीबाहेर करता येत नाही. घर गहाण टाकू नका, एवढं मी स्पष्ट सांगितलं.

झटक्यांसाठी पोटाच्या कातडीखाली, बॅक्लोफेन सतत मज्जारज्जूपाशी पोचवणारा पंप बसवायचं ठरलं. सुरुवात दिवसाला १०० मायक्रोग्रॅमने, चाचणीच्या डोसच्या दुप्पट. आगीसाठी गोळ्या वेगळ्या. भावाला पंपात औषध भरण्याच्या तारखांखाली ठळक लिहून दिलं: अंगाला खाज, ताप आणि पाय अचानक पुन्हा ताठ झाले, तर औषध पोचत नाहीये. ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत आणा.