यक्षाच्या प्रश्नापाशी थांबा

घरी मुलांना महाभारत सांगायला बसलं की बहुतेक जण युद्धापासून सुरुवात करतात. धर्म म्हणजे काय ते दाखवायचं असेल, तर वनपर्वातला यक्षप्रश्न घ्यावा. आठ वर्षांपुढच्या मुलांना तो छान पेलतो. जेवणं झाल्यावर दहा-बारा मिनिटं पुरतात.

पाच चिंचोके घ्या. वरच्या ओळीत कुंतीचे तीन, खालच्या ओळीत माद्रीचे दोन. तळ्याकाठी एकेक भाऊ यक्षाचं न ऐकता पाणी पितो आणि पडतो, तसा एकेक चिंचोका आडवा ठेवा. पण ओळ मोडू नका. प्रश्नोत्तरांतले तीन-चारच प्रश्न सांगा, सगळे सांगायला गेलात तर मूल पेंगतं. शेवटी यक्ष म्हणतो, एकाच भावाला उठवतो, कोणाला उठवू? इथे थांबा.

मुलं भीम किंवा अर्जुन म्हणतात. 'चूक' म्हणू नका, कारण त्यांचा हिशेब खरा आहे. बारा वर्षांचा वनवास संपत आलाय, अज्ञातवास पुढे आहे आणि लढाई झाली तर अर्जुनाशिवाय कसं निभावणार? हे सांगितलं नाही तर युधिष्ठिराची निवड स्वस्त वाटते. मग त्याचं उत्तर सांगा: नकुल. वरच्या ओळीत एक चिंचोका उभा आहे, खालच्या ओळीत एकही नाही. पुष्कळ मुलांना कारण जमिनीवरच दिसतं. दिसलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडा.

लहानग्यांसाठी, चार ते सात वर्षांच्या, श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी. घरोघरचं सगळं दूध ओतूनही महादेवाचा गाभारा भरत नाही. मुलाबाळांना, वासरांना पाजून म्हातारी खुलभर दूध आणते आणि तो भरतो. खुलं म्हणजे केवढं ते कळायला हातात छोटी वाटी द्या.

एक चूक हमखास होते. भावंडांचं भांडण झालं की 'आठव, नकुलाची गोष्ट!' म्हणून तीच गोष्ट छडीसारखी वापरली जाते. मग मूल पुढच्या गोष्टीला कान देत नाही. 'देव शिक्षा करेल' ही पुस्तीही नको, म्हातारी काही भीतीपोटी वासरांना पाजत नव्हती.

अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी द्रोणपर्वातलं 'नरो वा कुंजरो वा' मात्र गाळू नका. तोवर जमिनीच्या चार अंगुळं वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या एका वाक्यानं खाली टेकतो. 'पण खोटं बोलायला तर कृष्णानेच सांगितलं ना?' हा प्रश्न येणारच. लगेच सारवासारव करू नका. 'तुला काय वाटतं?' विचारा आणि त्या रात्री दिवा मालवा.