कायक, तंबू आणि वाऱ्याचं गणित

कायक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी. ती घेऊन तळ्यावरच्या मुक्कामाचा बेत आखताना मी आधी वारा बघतो, सामान नंतर. ऊन चढलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि मोठ्या तळ्यावर दुपारी वारा सुटतो. म्हणून उजाडताच निघायचं. तळं रुंद असेल तर मधून आडवं जाणं मला पटत नाही, काठाकाठानेच वल्हवावं. लांब पडतं, पडू दे.

जड सामान कायकच्या तळाशी, मधोमध. कोरडे कपडे ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत: हवा दाबून काढायची, तोंडाला 3 घट्ट घड्या, मगच बकल. आणि लाइफ जॅकेट अंगातच हवं, पायाशी नव्हे! गार पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिटभर श्वासच ताब्यात राहत नाही. रात्री कायक वर ओढून, पालथी घालून झाडाला बांधायची.